बेगमबीचे शून्य गुण

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात बेगमबीच्या हातून बांगड्या भरताना कुणी कळवळल्याचं ऐकिवात नव्हतं. कितीही रुंद हाडाची बाई असो, बेगमबी तिच्या मापाची बांगडी न फोडता चढवायची. त्यात जादू काही नव्हती. अंगठ्याच्या बुडाशी हात दाबून धरायचा, बांगडी हाडापाशी आणायची आणि नेमकं त्या घडीला विचारायचं, "माहेरी आता कोण कोण असतंय?" बाई सांगायला तोंड उघडते, हात सैल पडतो, बांगडी आत जाते. सत्तावीस वर्षं तिला हा एकच प्रश्न पुरला होता. माहेरी कुणीच उरलं नाही असं सांगणाऱ्या बायांच्या हातातही बांगडी तितकीच सहज जायची.

दोन वर्षांपूर्वी बेगमबीच्या डाव्या छातीत गाठ निघाली. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. केस गेले आणि परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. नवरा ताहेर गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. तो प्रत्येक खेपेला दुकान बंद ठेवून सोबत गेला. शेवटी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. डावा हात सुजू शकतो, म्हणून त्या हातात घट्ट काही घालायचं नाही. आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं.

पहिली गोष्ट तिने तंतोतंत पाळली. उजव्या हातात आठ बांगड्या, डाव्यात एकही नाही. दुकानात आलेल्या बाया त्या मोकळ्या मनगटाकडे बघायच्या आणि मग हळूच ताहेरभाईंच्या तब्येतीची चौकशी करायच्या. ताहेरची तब्येत उत्तम होती.

दुसरी गोष्ट अशी झाली की पहिल्या तपासणीला ती गेली. दुसऱ्या वेळी ताहेरला म्हणाली, बाजाराचा दिवस आहे, तुम्ही दुकान बघा, मी जाऊन येते. एसटीने लातूरला उतरली, दवाखान्याच्या गेटपर्यंत चालत गेली, तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि मागे वळून ठोक बाजारात गेली. संध्याकाळी दोन पिशव्या बांगड्या घेऊन घरी आली आणि म्हणाली, "सब ठीक है." तीन महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी पिशव्या तीन होत्या. दुकानात माल ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ताहेर एवढंच म्हणाला, "इत्त्याँ चुड्याँ कायकू लाई?"

"लगीनसराई येते," ती म्हणाली. लगीनसराई पाच महिन्यांवर होती.

कॅन्सरमधून उठलेल्या माणसांना फोनवरून धीर देणारी नांदेडची एक संस्था होती. दवाखान्यानेच तिचं नाव तिकडे दिलं होतं. दर बुधवारी सकाळी अकराला फोन यायचा, असे एकूण आठ फोन. पलीकडे वर्षाराणी नावाची समुपदेशक होती, वय असेल तीसेक. बेगमबीचं नाव वाचून तिने पहिल्या दिवशी हिंदीत सुरुवात केली.

"मॅडम, मराठीतच बोला," बेगमबी म्हणाली. "तुमची हिंदी मला समजंना."

फोनच्या सुरुवातीला प्रश्न असायचे. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली नाही असं किती दिवस झालं? मन उदास होतं का? सारखी भीती वाटते का? कधीच नाही म्हटलं तर शून्य, जवळजवळ रोज म्हटलं तर तीन. बेगमबी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "न्हाई." बेरीज शून्य.

"मावशी, शून्य कुणालाच येत नाहीत," वर्षाराणी तिसऱ्या बुधवारी म्हणाली. "मलासुद्धा पाच येतात."

"मग काळजी घ्या मॅडम," बेगमबी म्हणाली.

अडचण अशी होती की बेगमबीच्या दुकानात फोन स्पीकरवरच घेतला जायचा. एक तर हात मोकळे नसायचे. दुसरं म्हणजे फोन कानाला लावून कोपऱ्यात गेलं की बाजारात त्याचा अर्थ लावला जातो. "तुम्ही एकट्या आहात ना?" असं वर्षाराणी दर वेळी विचारायची, आणि बेगमबी, समोर चार बाया मांडी घालून बसलेल्या असताना, "हाव, एकटीच हाय," असं शांतपणे सांगायची. बायाही समजूतदार. त्या वेळेपुरत्या त्या गप्प बसायच्या.

सहाव्या बुधवारी फोन आला तेव्हा एका गरोदर पोरीचा हात बेगमबीच्या हातात होता. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा, साबणाचं पाणी लावलेलं, बांगडी अर्ध्या वाटेवर अडकलेली. सोडता येईना. शेजारी गुणाबाई बसली होती. ती जवळच्या गावची, घरची दहा एकर जमीन, आणि वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. बेगमबीने तिला हनुवटीने खूण केली.

"बोल जरा. मीच हाय म्हण. समद्याला न्हाई म्हणायचं."

गुणाबाईने फोन हातात घेतला आणि पहिल्या प्रश्नाला रीतसर "न्हाई" म्हणाली. दुसरा प्रश्न झोपेचा होता.

"झोप?" गुणाबाई म्हणाली. "माय, कुठली झोप! कोंबडं आरवेपर्यंत जागीच असते की मी."

"म्हणजे जवळजवळ रोज?"

"जवळजवळ काहून? रोजच."

बेगमबी डोळे मोठे करून बघत राहिली. गुणाबाई थांबली नाही. उदास वाटतं का, तर वाटतं. धाकटी लेक शिरूर अनंतपाळला दिली, तिचा फोन येत नाही. जेवण जातं का, तर नाही. एकटीसाठी भाकरी टाकायची म्हणजे परातीचीच लाज वाटते. मालक जाऊन दोन वर्षं झाली तरी ताटं दोनच घेतली जातात. बाकीच्या बाया बांगड्या बघायच्या सोडून ऐकत होत्या. गरोदर पोरगी रडायला लागली, तिचा हात आपोआप सैल पडला आणि बांगडी आत गेली.

"मावशी," वर्षाराणीचा आवाज ओला झाला होता, "आज तुम्ही पहिल्यांदा मोकळं बोललात. सतरा गुण. मी दवाखान्यात कळवते. पुढच्या तपासणीत डॉक्टर झोपेचं औषध देतील."

फोन बंद झाला. गुणाबाईने पदराने नाक पुसलं. "बाई चांगली हाय की गं भाबी. पुन्हा कधी येतोय फोन?"

"तुला न्हाई म्हणायला सांगितलं होतं."

"म्हणलं की. पयल्याला."

बेगमबीला दोन दिवस चैन पडली नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्या नावावर लिहिलं गेलं, हे तिला दुसऱ्याच्या मापाची बांगडी हातात अडकल्यासारखं वाटत होतं. शिवाय वर्षाराणी दवाखान्यात बोलणार, म्हणजे तिथले लोक वही उघडून बघणार. शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने शटर अर्धं ओढलं आणि स्वतःहून फोन लावला. स्पीकरवर नाही, कानाला.

"मॅडम, ते सतरा खोडा. ते गुणाबाईचे हायेत." आणि तिने झालं ते सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ कागद हलल्याचा आवाज आला. "बरं. खोडले. मग तुमचे किती लिहू?"

"शून्य."

"लिहिलं," वर्षाराणी म्हणाली. मग जरा वेळाने, सहज विचारल्यासारखं, "हिरव्या बांगड्या तुमच्याकडे कुठून येतात मावशी?"

"लातूरहून. मीच आणते."

"चांगल्या मिळतात?"

"मिळतात की. निवडून घ्यायला टाइम पायजे. मागच्या खेपेला तीन पिशव्या आणल्या."

"तपासणीच्या दिवशीच ना? म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं. दवाखान्यात गर्दी होती का?"

"ते मला काय म्हाईत," बेगमबी म्हणाली.

आणि मग आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पोरी," बेगमबी शेवटी म्हणाली, "तू बी बांगड्या भरतीस का गं?"

"नाही मावशी. दुखलं का?"

"न्हाई." तिने डावं मनगट उजव्या हाताने धरलं. "गेटपस्तोर जाते मी. तिथून आतल्या खुर्च्या दिसतात. त्या निळ्या खुर्च्यांवर बसूनच त्यांनी पयल्यांदा सांगितलं होतं. आत गेलं की त्ये पुन्हा सांगतील. न्हाई गेलं तर कोण सांगणार?"

वर्षाराणी तिला रागावली नाही. गाठ परत यायची असेल तर ती विचारल्याशिवायही येतेच, एवढंच म्हणाली. नसेल, तर उगाचच पाच पिशव्या बांगड्या घरात आल्या. बेगमबीला हा हिशेब पटला. येत्या गुरुवारची तारीख ठरली. गेटपासून नंबराच्या खिडकीपर्यंत वर्षाराणी फोनवर राहणार होती.

"आणि गुणाबाईंना माझा नंबर द्या."

"तिला कॅन्सर न्हाई."

"नसू दे."

गुरुवारी गुणाबाई सोबत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. ताहेर येतो म्हणत होता, पण त्याला सगळं सांगायचं तर आधीच्या दोन खेपाही सांगाव्या लागल्या असत्या. ते बेगमबीने तपासणीनंतरच्या कामांत टाकलं होतं. गेटपाशी तिचे पाय ठरल्याप्रमाणे थांबले. फोन स्पीकरवर होता.

"काय दिसतंय मावशी?"

"खुर्च्या."

"निळ्याच?"

"रंग दिलाय वाटतं. हिरव्या हायेत."

"किती?"

ती मोजायला लागली आणि मोजता मोजता गेटच्या आत आली. सातव्या खुर्चीपाशी तिच्या ते लक्षात आलं, पण तोवर गुणाबाईने मागून वाट अडवली होती. नंबर चौतीस लागला. नर्सने उजव्या हातातून रक्त घेताना आठही बांगड्या वर सरकवल्या. बेगमबीने तिचं मनगट बघून माप मनात ठेवलं. डॉक्टरांनी हाताने तपासून बघितलं, काही लागत नाही म्हणाले, छातीच्या फोटोचा रिपोर्ट सोमवारी मिळेल, आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होता?"

"बाजारात," बेगमबी म्हणाली.

घरी पोचायला दिवेलागण झाली. ताहेर दारातच उभा होता. त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग रिकाम्या हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"आज चुड्याँ नै लाई?"

"टाइमच नै मिल्या," ती म्हणाली. चपला काढल्या, नीट भिंतीला लावून ठेवल्या. "दवाखाने में भोत गर्दी थी."