पोटभर आत्या आणि उपाशी पेशी

माझ्या आत्याला प्रयोगशाळेत सगळे ‘पोटभर’ म्हणत. घरी कुणाचं ताट रिकामं दिसलं की हिचा जीव खालीवर, आणि तिथेही तेच. तीस वर्षं ती रुग्णांच्या पेशी बशांमध्ये वाढवत होती. त्या ज्यात वाढतात तो गुलाबी पोषक द्रव ती वेळेआधीच बदलायची, साखर नि जीवनसत्त्वं सढळ हाताने. पेशी नुसत्या माजलेल्या!

एकदा चार वर्षांच्या मुलीच्या त्वचेच्या पेशी आल्या. पोर जेवली की गळून पडायची, रक्तात आम्ल साचायचं. आईला तिला घास भरवायचीही धास्ती. साखर जाळणारं एक प्रथिन बिघडलंय, अशी डॉक्टरांना शंका होती. आत्याने पेशी वाढवल्या, तपासणीत प्रथिन ठणठणीत निघालं. पोर मात्र खंगतच चालली.

आत्याच्या घशाखाली घास उतरेना. एका संध्याकाळी भांडी घासता घासता ती थबकली.

“अगं, मीच लपवला तिचा आजार!”

मी शाळेत गणित शिकवते, मला काय कळणार? मग तिने समजावलं. त्या प्रथिनाला ब-एक जीवनसत्त्वापासून बनलेला मदतनीस लागतो. उपाशीपोटी साखर वाचवायला पेशी त्या प्रथिनावर फॉस्फेटचं कुलूप लावते, म्हणजे त्याचं काम बंद. मदतनीस जागेवर असला की कुलूप सहज बसत नाही.

“तिच्या प्रथिनाची मदतनिसावरची पकडच ढिली असेल तर? शरीरात तो निसटणार आणि भरल्या पोटीही कुलूप बसणार. पण मी बशीत जीवनसत्त्वाचा पूर लोटला. मग काम भागणारच की!”

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना चूक सांगितली आणि त्याच पेशी जेमतेम जीवनसत्त्वावर ठेवल्या. आठवडाभर ती त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि घरी येऊन माझ्यावर डाफरायची. मला तिची फार दया आली. जीवनसत्त्वाची बाटली उचलायला तिचे हात शिवशिवत होते, पण तिने उचलली नाही. आठव्या दिवशी प्रथिन जवळजवळ बंद पडलेलं दिसलं. जीवनसत्त्व घालून ठेवल्यावर ते पुन्हा कामाला लागलं.

मुलीला त्याच जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू झाले. तीन महिन्यांनी आई तिला घेऊन प्रयोगशाळेत आली. पोर स्वतः चालत आली आणि आत्याच्या कोटाची बाही धरून उभी राहिली.

“जेवलीस का गं?” आत्याने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

आई हसायला गेली आणि रडायलाच लागली.

“हो. आज मीच भरवलं. भीती नाही वाटली मला.”