हिट घेणारा माणूस

"आमचे हे दर दुसऱ्या रविवारी मरायला जातात," असं ऋजुता वहिनी इंग्लंडात लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात नव्या माणसाला सांगतात आणि त्याचा चेहरा बघत बसतात. खुलासा मग मलाच करावा लागतो. हे म्हणजे हेमंत दळवी. वय पन्नाशीच्या पुढे, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं टेरेस्ड घर, मागे हातरुमालाएवढी बाग. मी त्याचा जुना मित्र, आणि त्या रविवारी गाडीत त्याच्या शेजारी बसून जाणारा एकमेव माणूस. मी खेळत नाही. खेळाडूंच्या विश्रांतीसाठी एक सेफ झोन असतो, तिथल्या बाकावर थर्मास घेऊन बसतो आणि गृहकर्ज फेडणारी मोठी माणसं झाडामागे लपायला पळतात ते बघतो.

खेळाचं नाव एअरसॉफ्ट. बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्या, पण बॅटरीवर चालतात आणि त्यांतून मोठ्या साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे गोळे सुटतात. गावाबाहेर पाऊण तासावर एक खासगी जंगल आहे. तिथे दोन संघ पाडतात आणि दिवसभर एकमेकांना मारतात. एका सहकाऱ्याच्या लग्नाआधीच्या स्टॅग पार्टीला हेमंत पहिल्यांदा तिथे गेला. बाकीचे दुपारी पबमध्ये गेले, हा संध्याकाळी चिखलाने माखून घरी आला आणि जेवताना हसत होता. वहिनींना काळजी वाटली ती त्या हसण्याची.

पहिली बंदूक त्याने घेतली ती निम्मी भडक निळी. नवख्या माणसाला खऱ्यासारखी काळी बंदूक इथे सहजी विकत मिळत नाही. एका मैदानावर नियमित खेळून नोंदणी व्हावी लागते. वहिनी त्या निळ्या बंदुकीला पिचकारी म्हणायच्या. नोंदणी झाल्यावर काळी आली, आणि मग तिच्या मागोमाग बॅटऱ्या, चार्जर, चष्म्यावर बसणारे गॉगल, गुडघ्याची पॅडं, ठिपक्याठिपक्यांची पँट, असं सगळं वऱ्हाड आलं. एका गणपतीत त्याने ती लांब पिशवी मंडळाच्या सामानाशेजारी ठेवली. आमच्या सांस्कृतिक समितीच्या वरदाताईंनी कीबोर्डचा स्टँड समजून तिची चेन उघडली. त्या किंचाळल्या, आरती मध्येच थांबली. हेमंत शांतपणे पुढे आला, म्हणाला, "काही नाही, काही नाही," आणि पिशवी गाडीत ठेवून आला.

"काही नाही" हे त्याचं पेटंट आहे. पाठ धरली तर काही नाही, ऑफिसात त्याच्या हाताखालचा पोरगा त्याचा साहेब झाला तरी काही नाही. मला या माणसाचा कधीकधी भयंकर राग येतो. वीसेक वर्षांची मैत्री आहे, पण त्याच्या मनात काय चाललंय हे मला वहिनींकडून कळतं, आणि वहिनींना अंदाजाने.

मैदानावर मात्र हा माणूस वेगळा. रंगाच्या गोळ्यांच्या खेळात कपड्यावर डाग पडतो, पुरावा राहतो. एअरसॉफ्टमध्ये काहीच राहत नाही. गोळा ज्याच्या अंगावर बसतो त्याला एकट्यालाच ते ठाऊक असतं. त्यानेच "हिट!" म्हणून ओरडायचं, हात वर करायचा आणि निमूट चालू पडायचं. याला हिट घेणं म्हणतात. आपल्याकडे हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. इथे नेमकं उलटं आहे, हात वर केला की माणूस प्रामाणिक. जाड जाकीट घालून "मला कळलंच नाही" म्हणणारे महाभाग असतात, पण त्यांचं नाव लगेच होतं आणि कोणी त्यांच्याशी चहालासुद्धा बोलत नाही.

हेमंतइतकं चोख हिट घेणारा त्या जंगलात दुसरा नव्हता. एकदा पाठीत फांदी टोचली तरी हा "हिट!" ओरडून बाहेर आला होता. कीथ म्हणून तिथला मुख्य मार्शल, म्हणजे पंच आहे. निवृत्त पोस्टमन, आवाज फुटक्या भोंग्यासारखा. त्याने मागच्या वसंतात हेमंतला विचारलं, पुढच्या महिन्यापासून मार्शल होतोस का? नारिंगी जाकीट घालायचं, इतरांचा न्याय करायचा. हेमंतने ही बातमी मला तीन वेळा सांगितली. नोकरीतलं प्रमोशन त्याने मला एकदाही सांगितलं नव्हतं.

नारिंगी जाकीट अंगावर चढण्याआधीचा शेवटचा रविवार होता आणि त्या दिवशी त्याची मुलगी ईशानी बरोबर होती. ईशानी लेस्टरमध्येच जन्मली, कार्डिफला हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते. बापलेकीचं भांडण नाही, पण बोलणंही नाही. फोनवर तो हवा विचारतो, ती सांगते, मग फोन आईकडे जातो. हेमंतने वर्षभर तिच्या मागे लागून तिला खेळायला तयार केलं होतं. गाडीत ती मागे बसली होती. मला म्हणाली, "काका, तुम्ही ऑनेस्टली सांगा, इज ही एनी गुड?" मी म्हणालो, "मरण्यात एक नंबर." हेमंत आरशात बघून हसला.

सकाळी मार्शलांनी प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर तपासला. तिथल्या रांगेत एक नवा मुलगा भेटला. राज, नागपूरचा, वर्क व्हिसावर बँकेत आलेला. आमचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "काका, तुम्ही मराठी आहात काय? अरे बाप्पा! इथे जंगलात?" तो विरुद्ध संघात गेला. हेमंतने त्याला हिट घेण्यावर एक छोटं प्रवचनही दिलं. "बाकी काही जमलं नाही तरी चालेल," तो म्हणाला, "पण हिट घ्यायचा." राजने मान डोलावली.

दुपारी काय झालं ते मी पाहिलं नाही. प्रेक्षकांना आत जाऊ देत नाहीत. पण नंतर मी ते तिघांकडून ऐकलं आणि तिघांचं जुळतं.

दमट हवा होती. तोंडावर जाळीचा मुखवटा घातला की हेमंतच्या श्वासाने चष्म्यावर वाफ धरते, म्हणून त्याने मुखवटा काढून खिशात ठेवला होता. डोळ्यांचे गॉगल सक्तीचे असतात, मोठ्यांना मुखवटा सक्तीचा नसतो. तो आणि ईशानी एका आडव्या ओंडक्यामागे होते. हेमंतने डोकं वर काढलं आणि समोरच्या झाडामागून राजने गोळी झाडली. गोळा थेट तोंडावर बसला. हेमंत तोंडावर हात दाबून खाली बसला. ओरडला नाही, हात वर केला नाही.

ईशानी शेजारीच होती. ती घाबरून ओरडली, "बाबा! लागलं का?"

"नाही, नाही," हेमंत हाताआडून म्हणाला. "नाही लागलं."

हे राजने ऐकलं. सकाळी भेटलेल्या, प्रवचन देणाऱ्या काकांना लेक विचारते लागलं का, आणि काका सरळ म्हणतात नाही लागलं. तो झाडामागून ओरडला, "काका, लागलंय की! मी पाह्यलं ना!"

हेमंतला वाटलं, पोरगा बिचारा आपली काळजी करतोय. त्याने दुसरा हात हलवला आणि मोठ्याने म्हणाला, "नाही रे बाबा, नाही लागलं! तू खेळ!"

आता मराठीत या एकाच शब्दावर आपण दोन प्रपंच चालवतो. नेम लागतो तेही लागतं आणि गुडघा फुटतो तेही लागतं. घरात ईशानीने लहानपणापासून हा शब्द एकाच अर्थाने ऐकला होता, पडल्यावर. राज त्या क्षणी बंदूक घेऊन उभा होता, त्याच्या डोक्यात दुसरा अर्थ. त्याने मार्शलला हाक मारली.

कीथ तिघांना घेऊन सेफ झोनमध्ये आला तेव्हा मी सँडविच खात होतो. हेमंतचा हातमोजा अजून तोंडावरच होता. राज लालबुंद झाला होता, चिडलेला कमी आणि खट्टू जास्त. आपल्या माणसाची तक्रार आपण केली याचं त्याला वाईट वाटत होतं. पण तो मागे हटला नाही. "आय हिट हिम क्लीन," तो म्हणाला. "अँड ही सेड नो. 'नाही लागलं.' ट्वाइस."

कीथचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. हिट नाकारणारा घरी जातो आणि परत येत नाही. नवखा असो की होऊ घातलेला मार्शल. आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळून बघत होती. हेमंतची एवढ्या वर्षांची अब्रू पणाला लागली होती, लेकीदेखत. मी सँडविच खाली ठेवलं.

कीथ माझ्याकडे वळला. "तूही यांच्याच भाषेचा ना? 'नाही लागलं' म्हणजे काय?"

"हिट बसला नाही," मी म्हणालो. "किंवा, दुखापत झाली नाही. दोन्ही होतं."

"दोन्ही?"

"संदर्भावर आहे."

कीथने माझ्याकडे असं बघितलं की जणू ही भाषा मीच सकाळी बसून बनवली होती. मग त्याने हेमंतला विचारलं, "तुला यातलं कुठलं म्हणायचं होतं?"

"दुखापत," हेमंत हाताआडून म्हणाला. "मला म्हणायचं होतं की दुखापत झाली नाही. हिट बसला होता. मी नाकारलं नाही."

मी सुटकेचा निःश्वास सोडला, पण कीथ पोस्टमन होता, अर्धवट पत्त्यावर तो थांबणारा नव्हता. "ठीक. म्हणजे हिट बसला, आणि दुखापत नाही. मग हात वर का नाही केलास? मी तुला एवढी वर्षं बघतोय. फांदीसाठी करतोस."

याला उत्तर एकच होतं आणि ते हेमंतकडे होतं. त्याने हातमोजा तोंडावर आणखी दाबून धरला. काळ्या हातमोज्यावर रक्त दिसत नाही, पण मनगटापाशी त्याच्या बाहीला डाग पडला होता, तो आता मला दिसला. माझा इतका संताप झाला की मी उठलोच. अरे गाढवा, हात काढ आणि दाखव! पण मी बोलण्याआधी कीथने ईशानीला विचारलं, "तू शेजारी होतीस. तू सांग."

"नो," ईशानी म्हणाली. "त्यालाच विचारा." आणि मग बापाकडे वळून मराठीत, "मी नाही सांगणार, बाबा. एव्हरी टाइम आई सांगते तुझ्यासाठी, नाहीतर मी. तुझा तोंड आहे ना? तू सांग."

"काही नाही गं, घरी गेल्यावर..."

"घरी?" तिचा आवाज चिरकला. "तू इथे सगळे हिट्स घेतो. स्ट्रेंजर्सचे पण घेतो. घरी एक पण नाही घेतला कधी. आजोबांचा फ्युनरल तू फोनवर बघितला, किचनमध्ये, आणि मग लॅपटॉप उघडून मीटिंग केली. मी तिथे होते, बाबा. मी विचारलं, आर यू ओके? तू म्हणालास, काही नाही, चहा टाक. सो मी चहा टाकला."

लॉकडाऊनच्या वसंतात हेमंतचे वडील सांगलीला वारले होते. विमानं बंद होती. त्याने मला दोन दिवसांनी मेसेज केला होता, आणि त्यातही शेवटी विचारलं होतं की तुझ्याकडे पीठ आहे का, इथे दुकानात संपलंय. मी पिठाबद्दल उत्तर दिलं होतं.

राजला सगळं कळत होतं, आणि तो बुटांकडे बघत होता. कीथला एक शब्द कळत नव्हता, तरी तो थांबला.

हेमंतने हात खाली घेतला. वरचा ओठ फुटून सुजला होता आणि पुढचा दात अर्धा तुटला होता. शेजारच्या बाकावरून कोणीतरी "जीझस" म्हणालं. राज "सॉरी काका, सॉरी, सॉरी" म्हणत पुढे आला. कीथने एकदा तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला की चौकशी संपली, बर्फ आणा, आणि एनएचएसचा सरकारी डेंटिस्ट मिळेपर्यंत याला नवा दात फुटेल. हेमंतला त्याने बजावलं, "पुढच्या महिन्यात जाकीट घ्यायला ये. आणि इथून पुढे माझ्या मैदानावर इंग्रजीतच मरायचं."

लोक हसले आणि पांगले. हेमंत हसला नाही. तो अजून लेकीकडे बघत होता.

"लागलं गं," तो म्हणाला. तुटक्या दातामुळे शब्द नीट येत नव्हता, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "खूप लागलं, ईशू." त्याचे खांदे हलायला लागले.

ईशानी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. बर्फाची पिशवी तिच्या हातात होती.

"दात?" तिने विचारलं.

"दातसुद्धा," हेमंत म्हणाला.