मामाच्या मांडीवरचं जावळ

मुलगी चार वर्षांची असताना मी तिला निफाडजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरी नेऊन ठेवलं. दत्तक नव्हे, आई बरी होईपर्यंत सांभाळायला. हे मी त्या घरातल्या बाईंना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्या म्हणाल्या, "कळलं ताई. पोर माझं नाय. आता बसा जरा." नाशिक जिल्ह्यात अशी घरं शोधायची, बालकल्याण समितीच्या परवानगीने मुलं तिथे ठेवायची आणि दर महिन्याला जाऊन बघून यायचं, हे माझं काम. बरीच वर्षं करतेय. चांगलं करते असा माझा समजही होता.

मुलीची आई सुरगाण्याकडची. नवरा गेल्यावर नाशिकला बांधकामावर आली आणि टीबीने अंथरुणाला खिळली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलीला माझ्या हवाली करताना तिने एकच गोष्ट बजावली. "केस कापू नका. देवाला बोलले हाय. गावात नेऊन, तिच्या मामाच्या मांडीवर काढायचे." जन्मली तेव्हा पोर जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून तो नवस. मी मान डोलावली. मग फॉर्म भरला. त्यात लसी होत्या, आजार होते, आधार कार्ड होतं. नवसाला रकाना नव्हता, आणि तो असायला हवा असं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला वाटलंही नाही. निफाडच्या बाईंना मी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

दोन वर्षांत मुलगी त्या घरात अशी रमली की मला बघून लपायची. मी आले म्हणजे कुठेतरी जावं लागणार, असा तिचा हिशेब. बाईंचे दोन्ही मुलगे शिकायला बाहेर, त्यामुळे दोघा नवरा-बायकोंनी हिला भारी जीव लावला. ती काकांच्या मागे बागेत फिरायची आणि कच्चे मणी खाऊन तोंडं वेडीवाकडी करायची. बाई तिच्याकडून स्वतःला 'मोठी आई' म्हणवून घ्यायच्या. खरी आई वेगळी आहे हे पोरीने विसरू नये, म्हणून. ती आई मात्र भेटायला यायची बंद झाली होती. सात महिने पत्ता नाही, फोनही बंद.

अशातच बाईंचा फोन आला. "ताई, शाळेतून रोज उवांची तक्रार येती. आन् जन्माचं जावळ अजून तसंच हाय तिचं. वणीच्या गडावर नेऊन काढून टाकू म्हणतो. तिच्या आईची काय हरकत नाय ना?"

मला आठवलं. खोटं कशाला बोलू, व्हरांड्यातला तिचा आवाजसुद्धा आठवला. पण सात महिने न फिरकलेली बाई आता कुठली येतेय, असं मी मनात म्हटलं. फोनवर म्हटलं, "नाही हो. करा की."

त्यांनी मलाही बोलावलं. बाईंच्या भावाने मुलीला मांडीवर घेतलं, कारण जावळ मामाच्याच मांडीवर काढायचं असतं. वस्तरा लागताच तिने गड डोक्यावर घेतला, आणि नंतर आरशात बघून खुदकन हसली. मी पुरणपोळी खाल्ली, फोटो काढला आणि अहवालाला जोडला. खाली लिहिलं, मुलगी कुटुंबात छान रुळली आहे.

तीन आठवड्यांनी तिची आई समितीच्या कार्यालयात हजर. पुन्हा आजारी पडून ती गावी पडून होती. भेटीसाठी मी मुलीला तिथे आणलं. आईने तिची टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणाच्या मांडीवर?"

"मामाच्या!" मुलगी आनंदाने म्हणाली.

"तुझा मामा गावाला हाय," आई म्हणाली. "जिता हाय."

पुढच्या बैठकीत समितीने निफाडच्या नवरा-बायकोला बोलावलं. बाई म्हणाल्या, "मी ताईंना विचारलं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नवसाचं मला कुणी बोललं नव्हतं." मुलीच्या आईने एकदाच वर पाहिलं. तिचा शब्द आणि माझा शब्द यात कुणाचा चालणार हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, की यांनी माझं पोर आपल्या कुळात घेतलंय, आता तिला तिथे ठेवू नका. तिचं स्वतःचं घर म्हणजे बांधकामावरची पत्र्याची खोली, त्यामुळे मुलगी गेली बालगृहात. मी गप्प बसले. नोकरीची भीती होती, आणि त्याहून जास्त लाज होती.

बालगृहात मुलगी जेवेना. बोलणंही जवळजवळ थांबलं. चार महिने हे बघून आईनेच हार मानली. समितीपुढे म्हणाली, "तिला परत तिकडं न्या. तिथं खात तरी होती." समितीने मान्य केलं. ही बातमी घेऊन मी दुसऱ्याच दिवशी निफाडला गेले. ऐकून बाईंनी नवऱ्याला बागेतून हाक मारली, तोंडाला पदर लावला आणि मग हसल्या. तिथेच मी उठून यायला हवं होतं. पण त्यांचं हसणं मला सहन होईना. मन हलकं करायचं होतं मला, दुसरं काही नाही. मी सांगून टाकलं की नवसाचं मला आधीपासून माहीत होतं.

"म्हंजी फोनवर मी विचारलं तव्हाबी?"

"हो."

त्यांनी पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, "नको ताई. उद्या तुम्ही परत कायतरी लपवाल आन् परत पोर उचलून न्याल. एकदा नेली तर तिचे काका दोन महिने अंथरुणावरून उठले नाय. आता आमच्याच्यानं नाय व्हायचं." मी खूप विनवलं. माझ्या जागी दुसरी कुणीतरी येईल असंही म्हणाले. काका ओट्यावर उभे होते. त्यांनी मान फिरवली आणि ते बागेकडे निघून गेले.

बालगृहात पोचले तर मुलगी पिशवी भरून बसलेली. आईने तिला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि पुन्हा एकदा खोटं बोलले. म्हटलं, मोठ्या आईकडे पाहुणे आलेत, घरात जागा नाही.

चार महिन्यांत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आता तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मी पडवीत झोपीन."