भांगाच्या दिवशीचं पाणी

पावसाळ्यात धोंडूतात्या घरात टिकत नसत. पूर्वी टिकायचे, चांगले पाय पसरून विडी ओढत बसायचे. उमेदीची वर्षं मिरकरवाडा बंदरात मासेमारी होडीवर तांडेलकी करून उतारवयात ते खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तरीची होडी चालवू लागले आणि खालच्या वाडीचं चालतंबोलतं पंचांग झाले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरतीचं पाणी अंगणापर्यंत; अष्टमीला भांग, तेव्हा भरतीला जोर नाही. तात्यांनी तिथी सांगितली की वाडी निर्धास्त. या मानाचं तात्यांना कौतुक होतं, आणि थोडा माजही होता.

त्र्याऐंशीच्या जुलैत तो माज उतरला. दोन दिवस झोडपून काढणारा पाऊस. काशीराम त्यांचा जुना सोबती, अर्धांगवायूने बाजेवर पडलेला. त्याची बायको आनंदीबाई विचारायला आली की यांना वर कातळावरच्या शाळेत हलवू का. तात्या जाळं सांधत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आज अष्टमी, भांगाचं पाणी उंबऱ्याला लागत नाही, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. खाडीचा हिशेब बरोबर होता, पण पाणी खाडीचं आलंच नाही. ते घाटातून नदीने आलं, आणि दुपारी वाडीत छातीएवढं झालं. आनंदीबाई माणसं बोलवायला धावली. चौघे येईपर्यंत बाज तरंगत होती आणि तिच्यावर काशीराम नव्हता.

तात्यांना कुणी बोल लावला नाही. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा वरून आलेल्या पाण्यापुढे कुणाचं काय चालणार, असं तात्या स्वतःच म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या डोललेल्या मानाच त्यांना खात राहिल्या. आनंदीबाई मात्र त्यानंतर त्यांच्या होडीत बसली नाही. बाजाराला जायचं तर पुलावरून तीन मैल जास्त चालायची.

तेव्हापासून तात्यांच्या पायाला भिंगरी लागली. नदीच्या वरच्या वळणावरच्या आंब्याच्या खोडाला त्यांनी चुन्याचा पट्टा ओढला. तिथे पाणी लागलं की दोन तासांत ते वाडीत शिरणार, हे त्यांनी दोन पावसाळे भिजून ताडून पाहिलं. तालुक्याहून कुणी साहेब येऊन पुराचा आराखडा देऊन गेले होते. त्यात पट्टीच्या पोहणाऱ्या दहा तरुणांची नावं होती. त्यांतले आठ मुंबईत गिरणीत, एक जहाजावर, आणि दहावा विठू, ज्याला गुडघाभर पाण्यात घेरी येई. तात्यांनी तो कागद घडी करून ठेवला आणि बायकांना हाताशी धरलं. खुर्चीला बांबू बांधून तीन डोल्या केल्या. कुठल्या म्हाताऱ्याला कुणी उचलायचं ते ठरवलं. सरावाला स्वतःच डोलीत बसले, तेव्हा डोली उचलणाऱ्या बायांतल्या सखूने त्यांना मुद्दाम चिखलात उतरवलं आणि वाडी पोट धरून हसली. तात्याही हसले, पण लगेच दोर तपासायला लागले.

एवढं करूनही मुळातली खोड जाईना. पाऊस वाढला की बाया अजून तात्यांनाच तिथी विचारायच्या आणि भांग असला की निवांत व्हायच्या. ही सवय त्यांनीच लावलेली. आता मोडणार कशी?

शहाऐंशीच्या जुलैत एका सकाळी आंब्याचा पट्टा लाल पाण्याखाली गेला. तात्या धापा टाकत वाडीत आले. बाया लावणीला निघालेल्या. भाताच्या रोपांचा तरवा उपटून तयार होता. सखू म्हणाली की आज तर अष्टमी, भांग आहे, दुपारनंतर बघू. बाकीच्यांनीही तेच धरलं. आनंदीबाई पडवीत उभी होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते आता काढलं नाही तर ही माणसं हलणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं.

"त्र्याऐंशीला पन भांगच होता," ते म्हणाले. "पानी लागनार नाय, असं मीच वहिनींना सांगितलं. मी चुकलो, म्हनून काशीराम गेला. आता माझ्या तिथीवर कोन बसू नका."

सखूने तरव्याची जुडी खाली ठेवली आणि ती डोली आणायला गेली. तासाभरात वाडी रिकामी झाली.

आणि पाणी घरांत आलंच नाही; घाटातला पाऊस मध्येच थांबला. शेवटच्या घराच्या अंगणात जेमतेम शिरलं आणि संध्याकाळपर्यंत उतरलं. लावणीचा दिवस फुकट गेला, बांधावर ठेवलेला तरवा वाहून गेला, उघड्यावर राहिलेली चुलीची लाकडं भिजली. शाळेतून उतरताना बाया पुटपुटत होत्या. तात्या शाळेच्या ओसरीच्या कडेला बसून ते ऐकत होते. आता पुढच्या खेपेला आपल्या हाकेला कोण ओ देणार? खऱ्या पाण्याच्या दिवशी सगळी घरातच बसतील.

आनंदीबाई सगळ्यांच्या मागे राहिली होती. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"भावजी, तवा अशी फुकटची हाक मारली असतीत, तरी चाललं असतं," ती म्हणाली. "पुढं पन मारा. पानी येवो न येवो, मी येईन."

तात्यांना रडू आवरेना. त्यांचं रडणं संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.