ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा

परवा रविवारी दुपारी, करंजाडे येथील आमच्या रो-हाउसच्या अंगणात, आमची पिकअप नव्या फ्रंट ॲक्सलवर उभी राहिली! मी एरवी उद्गारचिन्ह वापरत नाही. आज मात्र राहवले नाही...

विषय अपरिचित असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या पिकअपची पुढची चाके मूळची वेगवेगळ्या आर्म्सवर, म्हणजे सुट्या लोखंडी दांड्यांवर, होती. डांबरी रस्त्यावर ते सुखाचे. परंतु पेणच्या पलीकडे आमच्या जमिनीकडे जाणाऱ्या दगडी चढणीवर ते आर्म्स आपटत आणि वाकत. त्यावर उपाय एकच... दोन्ही चाकांना जोडणारा सलग, भक्कम ॲक्सल.

ही कल्पना माझी पत्नी वसुधा हिची. गाडी नेहमी तीच चालवत असे आणि मी डावीकडे बसून पुढचे दगड सांगत असे. जुन्या जीपचा हा ॲक्सल आणि त्याचे पाटे, म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, भंगार बाजारातून तिनेच निवडून आणले होते. ते बसवणे मात्र तिच्या हयातीत झाले नाही.

ती गेल्यावर मी ठरवले होते, की तिचे राहिलेले काम पूर्ण करायचे आणि गाडी तिच्या धाकट्या भावाला, संजयला, देऊन टाकायची. तिच्यावाचून त्या चढणीवर जाण्याचे मला काहीच कारण उरले नव्हते. संजयचे तळोज्याला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. तो गाडीचे चीज करील, याची खात्री होती.

गेले कित्येक रविवार तो आणि त्याची पत्नी शोभा सकाळीच येत. मी अभियंता असलो तरी आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेले. रेषा माझ्या, वेल्डिंग त्याचे. जुने आर्म्स कापून गाडीखालून ओढून काढले, त्या दिवशी आम्ही दोघे प्रौढ गृहस्थ टाळ्या देत होतो...

परवा पाटे ॲक्सलला जखडणारे शेवटचे यू-बोल्ट आवळले. जॅक हळूहळू खाली घेतला. पाटे किंचित करकरले, वाकले आणि त्यांनी गाडीचे वजन झेलले. तो आवाज मी विसरणार नाही.

मग मी बंपरवर लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची समतल पट्टी, ठेवली... आणि बुडबुडा मध्यावर येईना. गाडीची उजवी बाजू बोटभर उंच!

आम्ही टायरमधील हवा तपासली. अंगणाला नाल्याकडे उतार आहे, म्हणून चाकांखाली फळ्या घालून पाहिले. चेसिसची मापे कर्णरेषेत पुन्हा घेतली. सगळे बरोबर, आणि गाडी तिरकी ती तिरकीच.

संजय वैतागला. "दाजी, उजवा पाटाच जास्त कमानदार हाय. ताईला फसवलं त्या भंगारवाल्यानं! खोलू या परत. एक पट्टी काढून टाकतो, बसंल खाली."

मला ते मनापासून पटेना. वसुधाला फसवणे सोपे नव्हते. परंतु डोळ्यांसमोर गाडी तिरकी होती, आणि पाना संजयच्या हातात होता.

तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. "खोलायच्या आधी कुणी आत बसून तरी बघा की! शोकेसमध्ये ठेवायचीये का गाडी?"

मुद्दा रास्त होता. मी हात पुसले, दार उघडले आणि आत जाऊन बसलो. गाडी आणखीच कलली... कारण मी सवयीने डावीकडे बसलो होतो.

संजय मोठ्याने हसला. "अहो दाजी, तिकडं कुठं? ताई येणार हाय का चालवायला?"

 शोभाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. मी मात्र उतरलो, बॉनेटला वळसा घातला आणि प्रथमच उजव्या बाजूने आत चढलो.

खाली पाटा करकरला.  मी आतूनच विचारले, "बुडबुडा कुठे आहे?"

"मधोमध," संजय म्हणाला. मग ओरडलाच, "मधोमध हाय, दाजी! लायनीत!"

आणि क्षणात दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. त्या जुन्या जीपना ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा मुद्दाम थोडा उंच देत असत. शेजारची जागा कधी भरलेली, कधी मोकळी. ड्रायव्हर मात्र असणारच, हा त्यामागचा हिशेब. भंगारातून नेमकी जोडी निवडणाऱ्या वसुधाला तो ठाऊक होता. आम्ही दोन तज्ज्ञ तेवढे विसरलो होतो!

आरटीओची तपासणी आणि नोंद होईपर्यंत गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर न्यायची नाही, हा माझा नियम आहे. म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. परवाना असूनही मी वर्षानुवर्षे स्टिअरिंग धरले नव्हते. पहिल्या वळणाला इंजिन बंद पडले, दुसऱ्या वळणाला मी मोठ्याने हसलो...

परत आल्यावर ठरल्याप्रमाणे संजयपुढे चावी धरली. त्याने हात मागे घेतले. "मी बसलो तर उजवीकडं लोळंल ती. माझं पोट बघा आणि तुमची अंगकाठी बघा. तुमच्याच वजनाची हाय ती, ठेवा."

शोभा म्हणाली, "जमिनीकडच्या पहिल्या फेरीला डावीकडे मी बसणार."

"आणि मी?" संजयने विचारले.

"मागे, हौद्यात!"

ग्राइंडरचा आवाज इतके रविवार सहन करणाऱ्या शेजाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. शोभाला मी डावीकडच्या जागेचे काम समजावून सांगितले आहे... दगड वेळेवर सांगायचा, आणि तरीही आपटला तर मुकाट्याने बोलणी खायची. बोलणी कशी सुनवायची, ते मी चांगल्या ड्रायव्हरकडून ऐकून शिकलो आहे. चावी माझ्याच खिशात आहे.