सिंह गेला तेव्हा

झेंडे शिवणाऱ्याला कुणी किस्से विचारत नाही. पण अंधेरी पूर्वेच्या एका झेंड्यांच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर होतो, तेव्हाचे इतके साठलेत की एक काढला की मागून दुसरा येतोच. जहाजं आणि मोठी हॉटेलं आमची गिऱ्हाइकं. आज फक्त इराणच्या जुन्या झेंड्याचे सांगतो. हिरवा, पांढरा, लाल असे तीन पट्टे, मधे तलवार धरलेला सिंह आणि त्याच्या पाठीमागे सूर्य.

* * *

सिंहाचं भरतकाम करायची सुमनताई. मालवणकडची, दहिसरच्या चाळीत राहणारी, नवरा गिरणीत. एकदा मालक नाईकशेठ म्हणाले, सिंह झोपाळलेला दिसतोय.

सुमनताई मान वर न करता म्हणाली, "रातपाळी करून इलेल्या घोवाक बघून काढलंय. आणखी कसो दिसतलो?"

शेठ हसले. सिंह तसाच गेला.

* * *

मग तिकडे क्रांती झाली, राजा पळाला. ऐंशी साली एका हॉटेलातून फोन आला की झेंडा बदललाय, सिंह चालणार नाही. आमचा माल तयार होता. शेठनी सुमनताईला सिंह उसवायला सांगितले.

तिने दोरा न् दोरा काढला. झेंडा उजेडात धरला, तर सुयांच्या भोकांचा सिंह जसाच्या तसा उभा. धुतला, इस्त्री केली, तरी हटेना. हॉटेलवाल्यांनी माल परत पाठवला.

सुमनताई त्या दिवशी जेवली नाही. तिला शेठचा राग नव्हता. एवढंच म्हणाली, "भरताना कधी इतकं जड गेलं नव्हतं रे."

* * *

नव्या झेंड्यात पट्ट्यांच्या कडेने अल्लाचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं. सुमनताईला ती लिपी येत नव्हती. चूक झाली तर कुणाच्या तरी देवाचा अपमान, म्हणून तिने धास्तीच घेतली. ते काम असेपर्यंत ती चपला बाहेर काढून मशीनवर बसायची. हळूहळू आम्हीही काढायला लागलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

* * *

न उसवता उरलेल्या सिंहांच्या काही झेंड्यांच्या शेठनी मशीनच्या खोळी शिवून घेतल्या. एकदा दोन इराणी विद्यार्थी कॉलेजच्या कार्यक्रमाचा बॅनर शिवायला आले. अंधेरीत एकाच खोलीत राहणारे, हसत-खिदळत आलेले. एकाला खोळ दिसली. त्याने ती उचलून कपाळाला लावली. दुसऱ्याने हिसकावून जमिनीवर टाकली.

मग त्यांच्या भाषेत भांडण झालं. आम्हाला शब्द कळला नाही, पण पहिला रडायला लागला ते कळलं. एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. बॅनर न्यायला कुणीच आलं नाही.

* * *

पुढे इराण-इराकचं युद्ध लांबलं, इकडे गिरण्यांचा संप लांबला. सुमनताईचा नवरा घरीच बसून होता. अशात एका दुपारी साठीची एक इराणी बाई आली. नवऱ्याबरोबर देश सोडून इथे आलेली, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. तिने एक जुना झेंडा मागितला आणि एक नवा.

शेठनी विचारलं, दोन्ही कशाला? तिने शांतपणे सांगितलं. नवरा राजाच्या फौजेत होता. मुलगा क्रांतीवाल्यांबरोबर तिकडेच राहिला. बापलेकांनी एकमेकांचं नाव टाकलं होतं. मुलगा लढाईत मारला गेला. ती खबर आली त्याच आठवड्यात नवराही गेला.

आम्ही दोन्ही झेंडे काढून दिले. बाईने ते एकावर एक ठेवले आणि शिवून द्यायला सांगितले.

सुमनताईने विचारलं, "वर कुठला ठेवू?"

"कुठलाच नको," बाई म्हणाली. "दोघांची तोंडं आत करून शिव, एकमेकांसमोर."

सुमनताईने चारही बाजू बंद केल्या. बाहेरून नुसत्या उलट्या टाक्यांचं कापड दिसत होतं. बाईने ते छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरून गेली.