चित्रातल्या बायकांना जाळी नव्हती

नवरा कामाला आहे त्या आंबीच्या कारखान्यातला जपानी साहेब मायदेशी परतताना माझ्या नवऱ्याला एक चित्र देऊन गेला. लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या चित्राची नक्कल. तीन बायका रेशमाच्या अळ्यांना पाला घालतायत, खोलीची एक बाजू सताड उघडी, पलीकडे निळा डोंगर. आमच्याकडे तुती आणि अळ्या आहेत हे त्याला ठाऊक होतं. नवऱ्याने सोमाटण्याहून फ्रेम करून आणली, मी ती शेडमध्ये टांगली आणि रोज बघून बघून माझं डोकं फिरलं.

आमची शेड म्हणजे चारी बाजूंनी जाळी, घाम आणि पाला कुरतडल्याचा आवाज. त्या बायका मात्र वाऱ्यात निवांत, एकीचीही बट विस्कटलेली नाही. भाताचं एकरभर खाचर मोडून मी तुती लावली होती. दिराला तिथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. अळ्यांची ही बॅच बिघडली तर तुती उपटायची, असं घरात ठरलं होतं. म्हणून अळ्यांना हवा कमी पडतेय, या शंकेनं मला पछाडलं. चौथी कात टाकून त्या अधाशासारख्या खायला लागल्या, त्या दुपारी मी डोंगराकडची जाळी गुंडाळून वर बांधली.

वरच्या वाडीवरून कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, जाळी नगा काढू. उझी माशी शिरंल."

"चित्रात बघा की मावशी. कुठंय जाळी?"

त्यांनी बघितलं. "चितारणाऱ्यानं अळ्या पाळल्या न्हाईत," म्हणाल्या आणि पाला पसरायला लागल्या.

तीन दिवसांत अळ्यांच्या अंगावर काळे ठिपके दिसले. ही माशी अळीवर अंडी घालते, तिचा किडा आतून अळी खातो आणि कोषाला भोक पाडून बाहेर पडतो. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही. आमचे निम्म्याहून जास्त कोष तसे निघाले. मला भयंकर संताप आला, चित्राचा, साहेबाचा, फ्रेमवाल्याचासुद्धा. स्वतःचा यायला जरा वेळ लागला.

दीर शेडमध्ये आला. "माशी आत आलीच कशी, वहिनी?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "जाळी माज्या हातनं उघडी ऱ्हायली, भाऊ."

दिराने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चूक कामवालीची निघाली, म्हणून तुतीला आणखी एक बॅच मिळाली.

नंतर मावशींना वाटेत गाठून विचारलं, असं का केलंत? माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुती ऱ्हायली तर माज्या सुनंला तरी काम मिळंल."

आता सून येते. कामाला चोख आहे. घरी सासू कशी आहे, एवढं मला तिला अजून विचारता आलेलं नाही.